मदत हवी आहे : दुसऱ्यानं काढलेल्या फोटोवर बोलायचं कसं? माझ्या कमेंटनं एक पोरगा गप्प झालाय

रोलवाला_बेळगाव

नमस्कार मंडळी. इथं मी नुसता वाचत असतो, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बेळगावचा, शहापुरात राहतो. लग्नाचे फोटो काढण्यात वीस-बावीस वर्षं गेली, सुरुवात फिल्मच्या रोलवर झाली. आमचा एक हौशी लोकांचा व्हॉट्सअप ग्रुप आहे, निपाणीपासनं खानापूरपर्यंतची साठेक माणसं, कुणी मास्तर, कुणी विम्याचा एजंट, कॉलेजची पोरं, दोघी गृहिणी ज्या आमच्यापेक्षा बरे फोटो काढतात. कधी रविवारी हलशीला जायचं, कधी किल्ल्यातल्या कमल बस्तीत (जुनं जैन मंदिर), असं चालू असतं. फोटो पडला की खाली ‘भारी’, ‘सुपर सर’, कन्नडवाल्यांचं ‘चलो ऐती’ (छान आहे), आणि अंगठेच अंगठे. सगळ्यांचं सगळंच भारी. मग ठरलं की कुणीतरी खरंखुरं सांगायला पाहिजे, आणि वयानं मोठा म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता झालं काय ते सांगतो. वडगावचा एक पोरगा आहे, एकोणीस-वीसचा, घरी पॉवरलूम. त्यानं वडिलांचा फोटो टाकला, मागावर उभे आहेत, एका खिडकीतनं उजेड येतोय, बाकी खोलीत अंधार. मी रात्री साडेअकराला बघितला आणि लिहिलं : “फोटो हललाय. शार्प नाही. पिवळा पडलाय. हात कापलाय. मागचं कॅलेंडर डोळ्यात येतंय. ट्रायपॉड वापर. शिकायला वाव आहे.” पाठवलं आणि झोपलो. सकाळी बघतो तर त्यानं फोटो डिलीट केलेला. ह्याला आता तीन आठवडे झाले, त्यानंतर त्यानं एक फोटो टाकलेला नाही. आधी रोज एक असायचा.

जास्त लागलं ते पुढंच आहे. तोच फोटो त्यानं दोन दिवस आधी मला पर्सनलवर पाठवून विचारलेलं, “सर कसा वाटतोय?” मी लग्नाच्या ऑर्डरीत होतो, उघडलाच नाही. म्हणजे एकट्यानं विचारलं तेव्हा गप्प, आणि साठ माणसांत तोंड उघडलं.

दुसरा प्रकार चिकोडीच्या एका कन्नड बाईंच्या फोटोवर झाला. माझं कन्नड बाजारातलं, भाजीचा भाव करायला पुरतं, नाजूक बोलायला नाही. मी लिहिलं ‘हिंग माडब्याड’, म्हणजे असं करू नका अशा अर्थानं, खरं शेवटी आदराचा ‘री’ लावायचा राहिला आणि ते ‘असं करू नकोस’ असं एकेरी जाऊन बसलं. (आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, पुणेकरांनी गोंधळू नये.) त्यांनी उत्तरात नुसतं ‘ओके सर’ लिहिलं. त्या ओकेचा अर्थ मला कळतो.

माझं शिकणंही असंच झालंय. पहिला रोल धुऊन आणला तेव्हा आमच्या स्टुडिओच्या मालकांनी छत्तीस प्रिंट टेबलावर मांडले आणि एकेक करत चौतीस उलटे घातले. बोलले काही नाहीत. ते दोन का ठेवले तेही सांगितलं नाही, मी तीन-चार वर्षं तेच शोधत होतो. तेव्हा वाटायचं ह्यालाच शिकवणं म्हणतात.

तर प्रश्न असा : नुसतं ‘भारी’ही म्हणायचं नाही आणि माणूसही मोडायचा नाही, असं बोलायचं कसं? सॅम्पल वाक्यं द्या कुणीतरी. आणि त्या पोराला आता काय लिहू?

पुण्यात_अडकलेली

‘खरं’ कळतं हो आम्हाला, मी मूळची टिळकवाडीची 🙂

सॅम्पल वाक्यं नंतर, आधी तुमच्या कमेंटकडे बघा. सात वाक्यं आहेत. सात चुका एका दमात ऐकून कुणीच सुधारत नाही, त्याला एवढंच ऐकू येतं की ह्यात ठेवण्यासारखं काही नाही. तुमच्या मालकांनी चौतीस उलटे घातले, तुम्ही छत्तीसच्या छत्तीस घातलेत. एक गोष्ट सांगा, एकच, आणि अशी की जी तो पुढच्या फोटोत करून बघू शकेल. ‘शिकायला वाव आहे’ ह्याचं तो काय करणार?

डार्करूम

मला हे गोड बोलणं पटत नाही. आधी थोडा गूळ, मग कडू, परत वर गूळ, हा प्रकार आता सगळ्यांना पाठ झालाय, ‘छान आहे’ आलं की माणूस पुढच्या ‘पण’ची वाट बघत बसतो. तोंडावर सांगावं. रोलवाल्यांनी सांगितलं ते योग्यच होतं, जागा चुकली इतकंच.

माग_आणि_मी

डार्करूम साहेब, योग्य होतं म्हणताय ते कशावरनं? फोटो बघितलाय काय तुम्ही?

मी खासबागचा, आमच्या घरात सहा माग होते. रोलवाले मामा, राग मानू नका, खरं मला तुमचा सल्लाच चुकीचा वाटतोय, बोलण्याची पद्धत बाजूलाच राहू दे. पॉवरलूम चालू असताना त्या खोलीत कधी उभे राहिलाय? फरशी हलते. फळीवरची पितळी भांडी वाजत असतात. तिथं ट्रायपॉड लावला तर कॅमेरा फरशीबरोबर हलणार, त्यापेक्षा हातात धरलेला बरा, अंग तेवढं झेलून घेतं. आम्ही लहानपणी भिंतीला टेकून अभ्यास करायचो तर पाटीवरची अक्षरं वाकडी यायची.

दुसरं, फोटो हललाय म्हणताय तर नेमकं काय हललंय? कॅमेरा हलला की सगळंच हलतं, भिंतीचा खिळासुद्धा, खिडकीचा गजसुद्धा, आणि सगळं एकाच दिशेला फराटतं. धोटा (आडवा धागा घेऊन मागावर इकडनं तिकडं धावतो तो) हलला तर फक्त धोटा फराटतो. धोटा चालू मागावर डोळ्यालासुद्धा नीट दिसत नाही, तो शार्प आला तर माग बंद आहे असं वाटेल. तुमच्याकडं पर्सनलवरचा फोटो असेल ना अजून? झूम करून मागची भिंत बघा.

रोलवाला_बेळगाव

आहे. बघतो. थांबा.

कुंदा_प्रेमी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. म्हणजे आपली बेळगावची मिठाई, कुंदा.

रोलवाला_बेळगाव

बघितलं. दहा मिनिटं झाली, काय लिहू कळेना.

कॅलेंडर शार्प आहे. तारखा वाचता येतात, एका तारखेभोवती पेनानं गोल केलाय तोसुद्धा दिसतोय. खिडकीचे गज एकदम सरळ. वडिलांचा चेहरा जवळपास शार्प, कानाशी किंचित मऊ. हललाय तो फक्त धोटा, डावीकडनं उजवीकडं एक पांढरी रेघ, आणि ती रेघ बरोबर त्यांच्या हाताखालनं गेलीय. जो हात मी ‘कापलाय’ म्हटलं तो कापलेला नाही, मागाच्या आड गेलाय.

आणि हा फोटो त्यानं मुद्दाम असा काढलाय, चुकून असं येत नाही.

वीस वर्षं फोटो काढून मी कॅमेरा हलणं आणि वस्तू हलणं ह्यात गोंधळ केला. लग्नात हललेला फोटो म्हणजे ऑर्डरचे पैसे कापले, ते डोक्यात इतकं बसलंय की रेघ दिसली की हात आधी डिलीटवर जातो.

पुण्यात_अडकलेली

एक शंका. पिवळा पडलाय म्हणालात ते रात्री साडेअकराला बघून. तुमच्या फोनमध्ये रात्री ते आय कम्फर्ट की नाइट लाइट काय म्हणतात ते, पडदा पिवळसर करणारं, आपोआप चालू होतं काय? आमच्या ह्यांनी एकदा असंच माझ्या नाचणीच्या भाकरीच्या फोटोला ‘कावीळ झालीय’ म्हटलेलं.

रोलवाला_बेळगाव

😐 चालू होतं.

डार्करूम

बरं, माझं विधान मागे घेतो. न बघता बोललो.

तरी माझा मुद्दा वेगळा होता तो नीट मांडतो. फोटोतल्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात. काही घरी बसून बदलता येतात, वाकडं क्षितिज, कडेला घुसलेली बादली, थोडा अंधार. काही येत नाहीत, फोकस मागे गेला तर गेला, पांढरं होऊन उडालेलं आभाळ जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या दाबलेल्या फाइलमध्ये, परत येत नाही. नवीन माणसाला हे दोन्ही एकाच सुरात सांगितलं की त्याला दोन्ही सारखंच भयंकर वाटतं. क्षितिज वाकडं असेल तर ‘हे आत्ता दोन मिनिटात सरळ होईल’ असं सांगायचं, ती चूक राहतच नाही मग. उडालेल्या आभाळाला ‘पुढच्या वेळी एक्स्पोजर एक स्टॉप खाली (म्हणजे उजेड निम्मा) ठेवून बघ’. पहिलं आजचं काम, दुसरं पुढच्या रविवारचं.

अजून एक, व्हॉट्सअपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, बारकावे जातात. त्यावर शार्प नाही म्हणणं म्हणजे टपालात चुरगळलेल्या पत्रावर हस्ताक्षर वाईट म्हणणं. ग्रुपवर नियम करा, ज्याला मत हवंय त्यानं डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. त्याचा दुसरा उपयोग असा की शटर किती वेळ उघडं होतं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) किती, लेन्स कुठली ही माहिती फाइलबरोबर येते, साध्या फोटोतनं ती निघून जाते. आणि मत हवंय की नुसतं दाखवायचंय हेही त्यातनंच कळतं. सगळ्यांनाच मत नको असतं.

माग_आणि_मी

हे डॉक्युमेंटचं झ्याक आहे.

आमच्यात कापडात दोष असला तर अण्णा विणणाऱ्याला ‘वाईट विणलंस’ म्हणायचे नाहीत, कापड उजेडाला धरायचे आणि विचारायचे, हितं काय झालं? तो स्वतःच सांगायचा, सुताची कांडी संपली होती नाहीतर तार तुटली होती. पन्नासात दहा वेळा असंही व्हायचं की दोष नसायचाच, गिऱ्हाइकानं तसंच मागितलेलं असायचं. फोटोवर पण आधी तेच विचारा की. ही रेघ मुद्दाम ठेवलीस काय? हो म्हणाला तर तुमचं अर्धं बोलणंच रद्द.

खानापूर_लोकल

मी त्याच ग्रुपात आहे 😄 नाव सांगणार नाही. सर, त्या गोकाकच्या फोटोचं पण काय ते बोला. ऑगस्टमधला धबधबा आणि पाणी निळं! बावन्न मीटरवरनं घटप्रभा नदी पडतेय, पावसाळ्यात तिचं पाणी चहासारखं लाल-तपकिरी असतं हे शेंबड्या पोराला माहीत आहे, आणि खाली एकोणतीस लोकांनी ‘वॉव’ केलंय. त्यांना कोण सांगणार?

रोलवाला_बेळगाव

त्याला मी काही लिहिलं नाही कारण ते सद्गृहस्थ माझ्या मेव्हण्याचे साहेब आहेत. म्हणजे मी खरंखुरं सांगतो ते पण लहान पोरांनाच, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

असो. पोराला लिहायचा मेसेज केलाय, पाठवायच्या आधी इथं टाकतो, बघा :

“बाळ, तुझा मागाचा फोटो आज दिवसा, मोठा करून परत बघितला. त्या रात्री मी नीट न बघता लिहिलं. कॅमेरा हललेला नाही, धोटा हललाय, आणि तो तसाच पाहिजे. खिडकीचा उजेड वडिलांच्या गालावर थांबलाय आणि पुढं ती रेघ चालू होते, माझी नजर तिथनंच फिरली. ट्रायपॉडचं जे सांगितलं ते विसर. ग्रुपवर पण मी हे लिहितो. एक विचारायचं होतं, शटर किती ठेवलेलास आणि किती वेळा काढलास?”

पुण्यात_अडकलेली

छान आहे. ‘बाळ’ काढा. एकोणीस वर्षांचा आहे तो.

डार्करूम

ग्रुपवरचं आधी लिहा, पर्सनल नंतर. बोललात सगळ्यांसमोर, तर हेही सगळ्यांसमोर आधी.

रोलवाला_बेळगाव

दोन्ही केलं. ‘बाळ’ काढलं. चिकोडीच्या बाईंना पण लिहिलं, ह्या वेळी बायकोकडनं तपासून, तिचं माहेर गोकाकचं. सगळीकडं ‘री’ आहे. त्यांचं उत्तर आलं, त्यांना वाईट वाटलंच नव्हतं म्हणे, उलट बेळगावच्या मराठी लोकांचं कन्नड असंच असतं हे त्यांना ठाऊक आहे. हे जास्त झोंबलं.

रोलवाला_बेळगाव

अपडेट. पोराचं उत्तर रात्री आलं, जसंच्या तसं देतो, त्याला विचारून :

“सर शटर 1/15 सेकंद ठेवलेलं. लेन्स अठरा एमएमच्या रुंद टोकाला, म्हणून हातात जमलं. चाळीसेक काढले असतील, कधी धोटा मधे सापडायचा नाही, कधी पप्पा हलायचे. पप्पा ओरडत होते की फोटोच्या नादात तार तुटली तर बघ. तुमची कमेंट वाचून मला वाटलं रेघ खरंच चूक आहे, म्हणून नंतर माग बंद करून पण काढला. तो शार्प आलाय खरं त्यात काय मजा नाही.”

बंद मागाचा फोटोही पाठवलाय त्यानं. शार्प आहे. मेलेला आहे.

मग त्यानं विचारलं, “सर मागचं कॅलेंडर काढू काय एडिटमध्ये?”

मी आधी विचारलं, त्या गोल केलेल्या तारखेला काय आहे. म्हणाला, सुताचं बिल द्यायची तारीख.

म्हटलं राहू दे.

माग_आणि_मी

राहूच दे. आता त्या निळ्या घटप्रभेचं बघा.

रोलवाला_बेळगाव

साहेबांना विचारलंय, “पाणी त्या दिवशी असंच होतं काय?” दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. मेव्हण्याचा मात्र फोन येऊन गेला.