अयुथयाची जुनी मंदिरे: एका दिवसात किती आणि कशी पाहावीत?

केप्याची वाचक

नमस्कार. डिसेंबरमध्ये मी आणि माझी आई बँकॉकला जाणार आहोत आणि त्यातला एक दिवस अयुथया या थायलंडच्या जुन्या राजधानीसाठी राखून ठेवला आहे. आईचे वय 71 आहे. गुडघ्यांमुळे तिला उंच पायऱ्या चढवत नाहीत, मात्र सपाट जमिनीवर ती अजूनही माझ्या पुढे चालते. रिवणची लेणी पाहून आल्यापासून बौद्ध अवशेषांबद्दल मिळेल ते ती वाचत असते, त्यामुळे या सहलीचा खरा आग्रह तिचाच आहे.

बँकॉकहून निघणाऱ्या काही सहलींची पत्रके पाहिली, तर पाच तासांत सात-आठ मंदिरे दाखवण्याचे आश्वासन त्यांत आहे. मंगेशी, म्हार्दोळ आणि शांतादुर्गा एका सकाळी उरकणाऱ्या पर्यटकांच्या बसगाड्या आठवल्या आणि धास्तीच वाटली. तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की, एकाच दिवसात नेमकी कोणती मंदिरे निवडावीत आणि कोणती निःशंकपणे सोडावीत? पडझड झालेल्या वास्तूंतही चपला काढाव्या लागतात का? आणि एक घरगुती प्रश्न: आई गुरुवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, असते, आमचा दिवस नेमका गुरुवारी येतो, आणि तिथे प्रत्येक पदार्थात माशाचे पाणी घालतात असे ऐकले आहे.

डिचोलीकर

आपली धास्ती रास्त आहे. आठ वर्षांपूर्वी मी अशाच एका सहलीने गेलो होतो. सहावे मंदिर आले तेव्हा माझ्या वडिलांनी गाडीतून उतरायला नकार दिला, आणि त्यांचे चुकले असे मला आजही वाटत नाही. दुसऱ्या खेपेला मी आगगाडीने गेलो, एक रात्र तिथेच राहिलो आणि चारच मंदिरे पाहिली. त्या चारही जागा अजून डोळ्यांसमोर आहेत.

अयुथया बँकॉकच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटरवर आहे. चाओ फ्राया, पा सक आणि लोपबुरी या तीन नद्यांच्या वेढ्यात जुने शहर बेटासारखे वसलेले आहे. राजा उ थोंग याने, म्हणजेच पहिल्या रामाधिपतीने, 1350 च्या सुमारास त्याची स्थापना केली आणि 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने ते जाळले. शहराचे नाव आपल्या अयोध्येवरून आले आहे हे आपल्या आईंना ठाऊक असेलच, पण तिथल्या बहुतेक नावांत संस्कृत आणि पाली दडलेली आहे आणि ती कळली की पाट्या वाचण्यात निराळीच मजा येते. ‘वाट’ म्हणजे आपली रस्त्याची वाट नव्हे, तर कुंपण घातलेला परिसर. आपल्या ‘वाडा’ या शब्दाचे मूळही तेच. ‘चेदी’ म्हणजे चैत्य, ‘विहान’ म्हणजे विहार, ‘महाथात’ म्हणजे महाधातू, अर्थात बुद्धाच्या अस्थी जिथे ठेवल्या अशी जागा. ‘सी सान्फेत’ मधला ‘सान्फेत’ म्हणजे सर्वज्ञ, आणि ‘छाइ मोंगखोन’ म्हणजे जयमंगल.

माझी सूचना अशी की, सुरुवात भग्न मंदिरापासून न करता नांदत्या मंदिरापासून करावी. बेटाच्या आग्नेयेला, नदीच्या काठी, वाट फनान छेंग आहे. ते 1324 चे, म्हणजे राजधानी वसण्याच्याही आधीचे. आत 19 मीटर उंचीची सोनेरी बुद्धमूर्ती बसलेली आहे आणि गाभारा तिच्या मानाने इतका आटोपशीर आहे की आत गेल्यावर आधी मूर्तीचे गुडघेच दिसतात. चेहरा पाहण्यासाठी मान पार मागे टाकावी लागते. भक्त भगवे वस्त्र अर्पण करतात. मूर्तीच्या मांडीवर चढलेले सेवेकरी ते वर ओढून घेतात, मूर्तीला पांघरतात, आणि मग त्या कापडाचा लांबलचक पट्टा खाली बसलेल्या लोकांच्या डोक्यांवर अलगद येऊन पडतो. मी त्या कापडाखाली काही क्षण होतो. उदबत्तीचा वास, भगवा उजेड आणि शेजारी पुटपुटणारी एक चिनी आजी. एकदा हे अनुभवले की पुढे उघड्या आकाशाखाली बसलेल्या, कान-नाक झिजलेल्या मूर्ती पाहताना मूळचे दृश्य काय असेल हे मनाला आपोआप कळते. उलट क्रमाने गेलात तर विटांचे ढिगारेच तेवढे लक्षात राहतील.

त्यानंतर वाट महाथात. तिथे वडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धाचे दगडी मस्तक आहे. झाड बोधिवृक्षाच्या, म्हणजे आपल्या पिंपळाच्या कुळातले आहे. फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात ते केवढे लहान आणि जमिनीच्या किती जवळ आहे याचेच आश्चर्य वाटते. तिसरे वाट फ्रा सी सान्फेत, राजवाड्याच्या आवारातले मंदिर. तिथे भिक्षू राहत नसत. तीन घंटाकार चेदी एका ओळीत उभे आहेत, श्रीलंकेच्या धाटणीचे, आणि त्यांत राजांच्या अस्थी ठेवल्या होत्या. तिथे सोन्याने मढवलेली 16 मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती होती. 1767 मध्ये आक्रमकांनी तिला आग लावून सोने वितळवून नेले. आवार सपाट आहे, आईंना त्रास होणार नाही. चौथे, संध्याकाळसाठी, नदीपलीकडचे वाट छाइवत्थनाराम. 1630 मध्ये राजा प्रासाद थोंग याने ते ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, पद्धतीने बांधवले. मधला प्रांग, म्हणजे मक्याच्या कणसासारखा वर निमुळता होत गेलेला मनोरा, सुमारे 35 मीटर उंच आहे. सूर्य त्याच्या मागे उतरतो तेव्हा पाहावे.

वाट याइ छाइ मोंगखोन सोडावे असे मी म्हणणार नाही, पण तिथल्या मोठ्या चेदीची पायरी उंच आहे. आई खाली, पिवळ्या उपरण्यांतल्या मूर्तींच्या रांगेजवळ बसल्या आणि आपण वर जाऊन आलात, तर जमेल.

मांडवीकाठ

डिचोलीकरांच्या क्रमाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण वाट राचबुराना त्यांनी गाळले याचे वाईट वाटते, कारण अयुथयाची कथा मला तिथेच समजली. 1424 मध्ये गादीसाठी दोन राजपुत्र हत्तींवरून एकमेकांशी लढले आणि दोघेही मेले. तिसरा भाऊ राजा झाला आणि त्या जागी त्याने हे मंदिर उभारले. प्रांगच्या पोटात तळघर होते आणि त्यात सोन्याचा प्रचंड ठेवा. 1957 मध्ये चोरांनी ते फोडले. नंतर पुरातत्त्व खात्याने उरलेले बाहेर काढले आणि त्यासाठीच चाओ साम फ्राया हे राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले, जे 1961 मध्ये उघडले. तिथली रत्नजडित मूठ असलेली तलवार आणि वितभर उंचीचाही नसेल असा सोन्याचा हत्ती पाहा. तळघराचा जिना अरुंद आणि सरळ खाली जाणारा आहे, त्यामुळे आईंनी तिथे उतरू नये, पण संग्रहालय त्यांच्यासाठी उत्तम. दुपारी 12 ते 3 या वेळात डिसेंबरमध्येसुद्धा विटा तापतात. तेव्हा आत वातानुकूलित दालनात बसून नाणी, अस्थिकरंडक आणि मूर्ती निवांत पाहाव्यात. सुट्टीचा वार तेवढा आधी तपासून घ्या.

आता थोडे विषयाच्या कडेचे, पण गोमंतकीयांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1510 मध्ये गोवा आणि 1511 मध्ये मलाक्का घेतल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्कने त्याच वर्षी दुआर्त फर्नांडिस याला अयुथयाच्या दरबारी पाठवले. सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, गेलेला हा पहिला युरोपीय दूत. पुढे शहराच्या दक्षिणेला, नदीच्या पश्चिम काठावर पोर्तुगीजांची वस्ती झाली. तिथल्या डॉमिनिकन चर्चचा पाया आणि उत्खननात सापडलेले सांगाडे आजही जागच्या जागी दाखवले जातात. बँकॉकच्या बाजारात सोनेरी शेवयांसारखी फॉय थोंग नावाची मिठाई दिसेल, ती अंड्याच्या बलकाची आणि मूळची पोर्तुगीज. आपल्या बिबिंकेतही बलकाची अशीच सढळ खैरात असते.

जुने गोवे ज्याने नीट पाहिले आहे त्याला अयुथया परके वाटत नाही. सांत आगुस्तीनचा तो एकटा उरलेला जांभ्या दगडाचा बुरूज पाहताना चर्च मनातल्या मनात भरून काढावे लागते, तसेच इथे करावे लागते. जुन्या गोव्याचे दगड पणजीच्या बांधकामांत गेले, तशाच अयुथयाच्या विटा 1782 नंतर नव्या राजधानीसाठी, बँकॉकसाठी, होड्या भरभरून नेल्या गेल्या. म्हणजे दिसते ती सगळीच पडझड ब्रह्मी सैन्याची नव्हे. बिनशिराच्या मूर्तींबद्दलही गाइड एका वाक्यात सगळा दोष 1767 वर टाकतात, परंतु पुढच्या काळात मूर्तींची शिरे विकण्यासाठी तोडणारे चोरही कमी नव्हते.

कुंकळ्ळीचा भाटकार

वर इतिहास भरपूर झाला, मी फक्त चपलांचे आणि वागण्याचे लिहितो.

भग्न आवारांत चपला काढाव्या लागत नाहीत. जिथे छप्पर आणि पूजा आहे, म्हणजे फनान छेंग किंवा फ्रा सी सान्फेतला लागून असलेला मोंगखोन बोफितचा विहार, तिथे काढाव्याच लागतात, म्हणून बंदांचे बूट घालून जाऊ नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत; आई साडीत असतील तर प्रश्नच मिटला. मूर्तीकडे पाय पसरून बसू नये, मूर्तीच्या चौथऱ्यावर चढू नये, आणि बिनशिराच्या मूर्तीमागे उभे राहून आपले डोके लावण्याचा आचरटपणा करू नये. हसू नका, दर वेळी कोणीतरी करताना दिसतोच. महाथातच्या त्या मस्तकाजवळ फोटो काढताना आपले डोके बुद्धाच्या मस्तकापेक्षा खाली हवे. मी उभा राहिलो तेव्हा पहारेकऱ्याने एक शब्दही न बोलता तळहात जमिनीकडे दोनदा दाबून दाखवला, आणि आमच्या रांगेतली पंधरा-वीस माणसे मुकाट्याने उकिडवी बसली. आईंना उकिडवे बसणे कठीण असेल तर घडीचे छोटे स्टूल सोबत ठेवा, ते दिवसभर कामाला येईल.

भिक्षूंना स्त्रियांनी स्पर्श करायचा नसतो. काही द्यायचे असल्यास समोर ठेवावे. बाजारातून बुद्धमूर्ती विकत घेण्याआधी हेही लक्षात ठेवा की ती देशाबाहेर नेण्यासाठी तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते.

स्टेशन नदीच्या पूर्वेला, बेटाच्या बाहेर आहे. समोरच्या रस्त्याने सरळ गेलात की होडीचा धक्का लागतो आणि मिनिटभरात पलीकडे. आपल्या दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीची सवय असलेल्याला तो प्रवास सुरू होण्याआधीच संपल्यासारखा वाटतो. सायकली भाड्याने मिळतात, पण आपण बेडकाच्या तोंडासारखी दर्शनी बाजू असलेली टुकटुक तासांच्या हिशेबाने ठरवा आणि जागांची नावे कागदावर थाई लिपीत लिहून घ्या. माझ्या चालकाने मला याच शहरात ‘छाइ मोंगखोन’ऐवजी ‘मोंगखोन बोफित’ला नेऊन उभे केले, उच्चार माझाच चुकला होता, भाडे मात्र दोन्हीकडचे द्यावे लागले. प्रमुख भग्न मंदिरांना स्वतंत्र तिकिटे आहेत आणि सहा ठिकाणांचे एकत्रित तिकीटही मिळते, पण चारच जागा पाहणार असाल तर आधी बेरीज करा, कारण फनान छेंग त्या सहांत येत नाही.

केप्याची वाचक

तिघांचेही मनापासून आभार. आईला सगळे वाचून दाखवले. भगव्या वस्त्राचा प्रसंग तिने दोनदा वाचायला लावला आणि राचबुरानाची तलवार पाहिल्याशिवाय परत येणार नाही असे जाहीर केले. त्यामुळे आता एक रात्र तिथेच राहायचे ठरले आहे: पहिल्या दिवशी फनान छेंग, महाथात, दुपारी संग्रहालय आणि संध्याकाळी छाइवत्थनाराम, दुसऱ्या सकाळी ऊन चढण्याआधी फ्रा सी सान्फेत आणि वेळ उरला तर पोर्तुगीज वस्ती. तिने आणखी एक विचारले आहे. आपल्या देवळांत पाकळ्या लावून कौल घेतात, तसे काही तिथे असते का? आणि गुरुवारच्या जेवणाचे अजून कोणी सांगितले नाही.

साष्टीकर

कौलाचा भाऊ तिथे आहे. अनेक नांदत्या मंदिरांत बांबूच्या नळीत आकडे घातलेल्या काड्या असतात. गुडघ्यांवर बसून, प्रश्न मनात धरून, नळी हलवत राहायची. एक काडी बाहेर पडली की तिच्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची. आपल्याकडे पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून याकडे डोळे लागतात, तिथे त्या काडीकडे. चिठ्ठी अशुभ निघाली तर बरेच जण ती घरी नेत नाहीत, तिथेच ठेवून येतात. ही सोय आपल्या भटजींनीही करावी असे मला फार वाटते.

जेवणाचे म्हणाल तर माशाच्या पाण्याविषयी ऐकलेत ते खरेच आहे. ‘नाम प्ला’ नावाचा तो रस भाजीतही सहज पडतो, आणि ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर मासा चालेल असा अर्थ घेतला जातो. त्यामुळे ‘जे’ हा शब्द पाठ करा. ‘जे’ म्हणजे चिनी परंपरेतले कडक शाकाहारी जेवण, ज्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, पण लसूणही नसते. थोडक्यात, आपल्या श्रावणाहून कडक. अशा दुकानांवर पिवळ्या कापडावर लाल अक्षरांत ते लिहिलेले असते आणि आकृती एकदा ओळखीची झाली की दुरूनही दिसते. अयुथयाची खास गोड वस्तू म्हणजे ‘रोटी साइ माइ’: पातळ मऊ पोळीत म्हातारीच्या केसांसारखी साखरेची लव गुंडाळून खायची. मुसलमान विक्रेत्यांची ती परंपरा आहे आणि रस्त्याकडेला पोळ्या तव्यावर नुसत्या हाताने थापताना बघत उभे राहता येते. आईंना पोळीत अंडे आहे का हे मात्र विचारूनच द्या.