कंपाउंड धनुष्याची स्ट्रिंग आणि केबल बदलण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार,

माझी मुलगी सतरा वर्षांखालील गटात कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्याने ५० मीटर अंतरावर खेळते. आम्ही अकोल्याला राहतो. तिचे धनुष्य दोन कॅमचे (म्हणजे अशा दोन चाकांचे) असून ते आम्ही एका मोठ्या खेळाडूकडून वापरलेले घेतले आहे. त्यामुळे त्यावरची स्ट्रिंग (बाण सोडायची दोरी) आणि दोन्ही केबल (कॅमना जोडणाऱ्या दोऱ्या) नेमक्या किती जुन्या आहेत, हे खात्रीने सांगता येत नाही.

उन्हाळ्यानंतर धनुष्यात काही बदल जाणवू लागले आहेत. पूर्ण ताणल्यावर पीप (स्ट्रिंगमध्ये बसवलेली, नेम धरण्याची छिद्राची चकती) डोळ्यासमोर सरळ येत नाही, थोडी फिरलेली राहते, आणि मुलगी मान तिरकी करून तिच्यातून पाहते. धनुष्य ताणायला लागणारे, काट्यावर मोजलेले वजन पूर्वी ५० पौंड भरत असे, ते आता ४७ भरते. वरच्या आणि खालच्या कॅमच्या आसांमधील अंतर साधारण तीन मिलिमीटरने वाढले आहे. वरच्या कॅमची ड्रॉ-स्टॉपची (ताण थांबवणारी) खुंटी केबलला आधी टेकते आणि खालची तिच्यानंतर. त्यामुळे शेवटी ‘भिंत’ (ताण जिथे थांबतो ती जागा) मऊ लागते, अशी तिची तक्रार आहे. खालच्या कॅममध्ये स्ट्रिंग जिथे शिरते, तिथे सर्व्हिंगचे (स्ट्रिंगवर गुंडाळलेल्या संरक्षक दोऱ्याचे) वेढे एकमेकांपासून सरकून आतले निळे धागे उघडे पडले आहेत आणि त्यांतील एक धागा तुटून केसासारखा बाहेर आलेला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. फक्त स्ट्रिंग बदलून भागेल का, की केबलही बदलाव्या लागतील? पीळ वाढवून वजन आणि टायमिंग (दोन्ही कॅम एकाच वेळी फिरणे) पूर्ववत करता येईल का? आमच्याकडे बो-प्रेस (दोऱ्या उतरवण्यासाठी धनुष्य दाबून धरणारे यंत्र) नाही. ओळखीचे एक फॅब्रिकेटर लोखंडी सांगाड्याला गाडीचा जॅक बसवून प्रेस तयार करून देतो म्हणतात. तसे करणे कितपत सुरक्षित आहे? शिवाय मेणाबद्दल प्रत्येक जण वेगळे सांगतो. कोणी साधी मेणबत्ती चालेल म्हणतो, तर कोणी मेण लावूच नका म्हणतो.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे वैयक्तिक विजेते ठरले. तेव्हापासून आमच्या भागातही कंपाउंड शिकणारी मुले वाढली, पण धनुष्याचे काम जाणणारा माणूस गाठायचा तर अजूनही प्रवास करावा लागतो. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (पुणे)

ताई, धागा खरोखरच तुटला असेल तर या धनुष्याने आता एकही बाण सोडू नये, आणि ते नुसते ताणूनही पाहू नये. पूर्ण ताणलेल्या अवस्थेत स्ट्रिंग तुटली तर लिंबमधली (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांमधली) सगळी ताकद बाणाला न मिळता धनुष्यातच उसळते. त्यात लिंब फुटू शकते, कॅम वाकू शकतो, आणि हे सगळे मुलीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर घडते.

आता निदानाविषयी. वजन उतरणे आणि आसांमधील अंतर वाढणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की दोष मुख्यतः केबलचा असतो. केबल लांबली की लिंब तितकी सैल पडतात आणि कॅम आपल्या जागेवरून पुढे फिरून बसतो. वरच्या कॅमची खुंटी आधी टेकते याचा अर्थ जिचे टोक वरच्या कॅमवर अडकवलेले आहे ती केबल दुसरीपेक्षा अधिक लांबली आहे. स्ट्रिंग मात्र सर्व्हिंग सुटल्यामुळे आणि धागा तुटल्यामुळे बाद झाली आहे, म्हणजे तिन्ही दोऱ्या बदलण्याला पर्याय नाही. एक नवी आणि दोन जुन्या अशी जोडी लावली, तर नवी बसत असताना जुन्या आपापल्या वेगाने लांबत राहतात आणि आज जुळवलेले टायमिंग पुढच्या आठवड्यात पुन्हा बिघडते.

उन्हाळ्यानंतर हे जाणवले, यात नवल नाही. हल्लीच्या बहुतेक दोऱ्यांमध्ये डायनिमासारखा धागा असतो. तो वजनाच्या मानाने अतिशय मजबूत आहे, पण सतत ताणाखाली आणि उष्णतेत हळूहळू लांबतो, आणि लांबला की परत आखडत नाही. ही लांबण कमी व्हावी म्हणून ४५२एक्ससारख्या धाग्यात व्हेक्ट्रान मिसळलेले असते. तरीही अकोल्याच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवले, तर कोणताही धागा त्याची किंमत वसूल करतोच.

नवा संच मागवताना जुनी स्ट्रिंग टेपने मोजून ते माप कळवू नका. दोरीची लांबी १०० पौंड ताणाखाली, पाव इंच जाडीच्या दोन खुंट्यांवर चढवून मोजण्याची पद्धत आहे, आणि तुमची दोरी तर मुळातच लांबलेली आहे. लिंबवरच्या स्टिकरवर स्ट्रिंगची आणि केबलची लांबी बहुधा छापलेली असते. ती लांबी, धनुष्याचे मॉडेल, त्याचे वर्ष आणि कॅमचा प्रकार कळवावा. स्टिकर गेला असेल तर कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे घ्यावेत.

जुना संच उतरवण्याआधी आसांमधील अंतर, ब्रेस हाइट (मूठ ते स्ट्रिंग अंतर), नॉक-पॉइंटपासून (बाण अडकवण्याच्या जागेपासून) पीपची उंची आणि डी-लूपची (स्ट्रिंग ओढायच्या फासाची) जागा लिहून ठेवा, आणि दोन्ही कॅमचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कोणत्या खुंटीवर कोणते टोक होते आणि केबल कोणत्या बाजूने फिरवली होती, हे दोरी हातात सुटल्यावर आठवत नाही.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. सर्व्हिंग नेमकी खालच्या कॅमच्या तोंडाशीच का सुटली, याचा शोध नवी स्ट्रिंग चढवण्यापूर्वी घ्या. जुनी उतरवली की कापसाचा बोळा कॅमच्या खाचेतून आणि कडेवरून हळूहळू फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे धातूवर बारीक धारदार कंगोरा आहे. तो कॅम उतरवून अगदी बारीक पॉलिश पेपरने काढता येतो; मात्र खाच खोलवर चेपलेली असेल तर कॅमच बदलावा. हे न पाहता बसवलेली नवी स्ट्रिंग काही महिन्यांत त्याच ठिकाणी कापली जाईल आणि दोष स्ट्रिंग बनवणाऱ्याच्या माथी मारला जाईल.

पीळ देऊन काम भागेल का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, पण ते नव्या संचावर करावे. वरची खुंटी आधी टेकत असेल तर वरच्या कॅमवर अडकवलेल्या केबलला, असलेल्या पिळाच्याच दिशेने, एका वेळी अर्धा पीळ वाढवावा आणि पुन्हा तपासावे. तपासणी ड्रॉ-बोर्डवर, म्हणजे लाकडी फळीवर धनुष्य अडकवून विंचने ओढून करावी. एकाने बाणाविना ताणायचे आणि दुसऱ्याने वाकून कॅम पाहायचा, ही आपल्याकडची रीत मला मान्य नाही, कारण त्यात रिलीज (स्ट्रिंग धरून सोडायचे साधन) चुकून सुटण्याचा धोका कायम असतो.

जॅकच्या सांगाड्याला माझा स्पष्ट नकार आहे. प्रेसने लिंबच्या टोकांना आधार देऊन दोन्हीकडून सारखा दाब द्यावा लागतो, आणि त्या लिंबच्या कोनाला शोभतील अशी बोटे त्याला असावी लागतात. दाब भलत्याच जागी पडला तर लिंबला बाहेरून न दिसणारी चीर जाते. अकोल्याहून अमरावती जवळ आहे आणि तिथे तिरंदाजीची परंपरा जुनी आहे. तिथल्या प्रशिक्षकांना भेटून प्रेस वापरायला मिळेल का, हे विचारावे.

मेण स्ट्रिंगसाठी बनवलेलेच घ्यावे. मेणबत्तीचे मेण कडक होऊन पापुद्र्यांनी झडते. उघड्या धाग्यांवर तुस दिसू लागली की थोडे मेण लावून चामड्याच्या तुकड्याने, तो गरम लागेपर्यंत चोळावे. सर्व्हिंगवर लावू नये.

प्रतिसाद (पेनसिल्व्हेनिया)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. मी इथे क्रॉसबो (बंदुकीसारखा दस्ता असलेले आडवे धनुष्य) वापरतो. त्यात स्ट्रिंग प्रत्येक वेळी बाण ठेवायच्या पट्टीवरून घासत जाते, म्हणून मधली सर्व्हिंग सर्वांत आधी झिजते आणि पट्टीवर तेलाचा हलका हात द्यावा लागतो. तुमच्या धनुष्यात अशी पट्टी नाही, तेव्हा कोणी सर्व्हिंगला तेल लावायला सांगितले तर तो सल्ला क्रॉसबोचा आहे असे समजा. मधली सर्व्हिंग पुन्हा गुंडाळली तर तिच्या जाडीवर नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) कसा बसतो ते जरूर पाहावे. नॉक ‘टक्’ करून बसला पाहिजे आणि स्ट्रिंगवर हलकी टिचकी मारताच सुटला पाहिजे.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी)

दोघांचेही मनापासून आभार. धनुष्य बाजूला ठेवले आहे. स्टिकरवरील आकडे वाचता आले आणि अमरावतीला जाण्याचे ठरवले आहे. आता एकच शंका उरली आहे. जिल्हा निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे. नवा संच त्याआधी कधी बसवावा, आणि जुना संच अडीअडचणीसाठी जपून ठेवावा का?

प्रतिसाद (पुणे)

जितक्या लवकर बसवाल तितके बरे. पहिले शे-दोनशे बाण पीप थोडी फिरत राहील आणि टायमिंगही किंचित सरकेल. तोवर साइटची (नेम धरण्याच्या साधनाची) मापे पक्की मानू नयेत. नव्या दोऱ्या स्थिरावल्यावर पुन्हा प्रेसवर जाऊन अखेरची जुळणी करावी, म्हणजे अमरावतीच्या दोन खेपा धरूनच चला.

जुना संच अडीअडचणीलाही वापरू नये. शक्य असल्यास एकसारखे दोन संच मागवावेत. दुसऱ्यावरही काही दिवस सराव करून, त्याला पीप आणि डी-लूप बांधून तो स्पर्धेच्या पेटीत ठेवावा. उतरवताना प्रत्येक दोरीची दोन्ही टोके एकत्र आणून प्लॅस्टिकच्या टायने बांधावीत, नाहीतर पीळ सुटतो आणि केलेली जुळणी वाया जाते.