नॅनोट्यूब टनाने निघतात, पण खपतात कुठे?

रोखठोक: फ्लुइडाइज्ड बेड रिअॅक्टर (वायूच्या झोतावर पूड तरंगती ठेवणारी भट्टी) आला आणि कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, टनाने बनवायचा प्रश्न सुटला, हे ऐकून ऐकून कान किटले. जर्मनीच्या बायर कंपनीने लेव्हरकुसेनला २०१० मध्ये वर्षाला २०० टनांचा प्लांट सुरू केला आणि २०१३ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतलं. कारण? वापर विखुरलेले, कंपनीच्या मुख्य मालाशी फारसे न जुळणारे. माल निघत होता, गिऱ्हाईक नव्हतं. मग रिअॅक्टरचं एवढं कौतुक कशाला?

भट्टीवाला: साहेब, भाव उतरल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही. आर्क डिस्चार्जने, म्हणजे कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवून, ग्रॅमांत माल निघायचा. इथे इथिलीनसारखा वायू खालून सोडतात, कॅटॅलिस्टची (अभिक्रिया घडवून आणणाऱ्या धातूची) पूड उकळत्या दुधासारखी खळखळत राहते आणि सातशे अंशांच्या आसपास कणाकणावर नळ्या उगवतात. कण फुगत जातो. पूड एका जागी ठासून भरली असती तर याच फुगण्याने वायूची वाटच बंद झाली असती. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात फेई वेई यांच्या गटाने तर पुडीत धरणाऱ्या गुठळ्यांशी भांडणंच सोडलं. सैल, सच्छिद्र गुठळ्या होऊ द्यायच्या आणि त्याच तरंगत्या ठेवायच्या!

रोखठोक: आणि त्याच गुठळ्या पुढे स्लरीत (बॅटरीसाठी लेपायच्या पातळ लगद्यात) सोडवताना नाकी नऊ येतात, त्याचं काय? जोरात दळल्या तर नळ्या तुटतात, हळू दळल्या तर गाठी राहतात. वर कॅटॅलिस्टमधलं लोखंड मागे उरलं तर बॅटरीचा सेल आतून शॉर्ट व्हायची भीती. टनांच्या आकड्यात हा खर्च कोण धरतं?

भट्टीवाला: लोखंडाचा राग रिअॅक्टरवर का काढता? दक्षिण कोरियाची एलजी केम कोबाल्टचा कॅटॅलिस्ट वापरते. २०२१ मध्ये तिथल्या योसूत वर्षाला १२०० टनांची भर घालून त्यांनी क्षमता १७०० टनांवर नेली, तीही फ्लुइडाइज्ड बेडवरच. माल जातो लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडमध्ये (धन टोकात), वीज नीट वाहावी म्हणून. एरवी त्यासाठी घालतात त्या काजळीपेक्षा कितीतरी कमी घालून भागतं.

मास्क_लावा: तुमचं भांडण चालू द्या. पण आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने) २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ या बहुभिंती नॅनोट्यूबच्या प्रकाराला ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता’ असलेल्या २बी गटात घातलंय. बाकी प्रकारांबद्दल पुरावा अपुरा ठरला, म्हणजे ते निर्धोक ठरले असं नव्हे. रिअॅक्टर बंदिस्त असतो हो, पण पोती भरताना पूड उडते.

रोखठोक: मास्कचं मान्य. पण भट्टीवाले, बॅटरी आली म्हणून १७०० टन झाले. रिअॅक्टर तर बायरच्या वेळीही होते.