गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर खरा की मोबाइल?

नळकोंडाळं:
माझं हार्डवेअरचं दुकान आहे. परवा एका गिऱ्हाइकाचं बिल होतं: ४५० चा एक नळ, आणि ८५ च्या दराने पाइपचे १२ नग. पोराने गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरवर ४५० + १२ × ८५ एका दमात मारलं. आले ३९,२७०! गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, अख्खं बाथरूम बांधून देताय का?" मोबाइलवर तेच मारलं तर १,४७०. तोंडी हिशेबही तोच.

पोरगा आठवीत आहे. म्हणतो, डबा बिघडलाय, फेका. मी बरा फेकीन! बेरजा चोख करतो तो. पण आम्हाला शाळेत कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) घोकून घेतलं होतं, ते या मशीनला ठाऊक नाही का? आणि त्यातलीच एक जुनी शंका. 'बे' आधी, 'व' नंतर, मग २४ − १२ + ६ चं उत्तर ६ यायला हवं. दोन्ही मशीनं १८ दाखवतात. इथे बरं एकमत होतं यांचं!

खडूफळा:
फेकू नका. साधा कॅल्क्युलेटर पुढचं बघतच नाही. तुम्ही × दाबलंत त्या क्षणी त्याने ४५० + १२ = ४६२ करून टाकले, मग त्याला ८५ ने गुणलं. मोबाइल अख्खी ओळ वाचतो आणि मग गुणाकार आधी करतो.

दुसऱ्या शंकेबद्दल: मी वर्गात शिकवायचो तेव्हा निम्मी पोरं इथेच घसरायची. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, डावीकडून जे आधी येईल ते आधी. म्हणून १२, मग १८. भागाकार-गुणाकाराचंही तेच. अमेरिकेतली पोरं 'पेमडास' पाठ करतात, त्यात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो, तरी उत्तर बदलत नाही. 'चे' मात्र खरोखर वेगळा. २४ ÷ ६ चे १/२ म्हणजे आधी ६ चे अर्धे ३, उत्तर ८. तिथे नुसतं × लिहिलंत तर २. पाढे येणारी पोरंसुद्धा या 'चे'पाशी गुण घालवायची.

रात्रपाळी:
विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही स्वभाव एकत्र नांदतात. 'स्टँडर्ड'वर २ + ३ × ४ मारा, २० येतात, 'सायंटिफिक'वर १४. एक्सेल तर आणखी तिरकं: =-३^२ (^ म्हणजे घात) लिहिलं की ९ देतं, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तेच -३**२ केलं की −९. आमच्याकडे म्हणून कंस घालायचा दंडकच आहे.

आगाऊ:
मग ८ ÷ २(२ + २) चं काय ते सांगा मास्तर. १६ की १?

खडूफळा:
२०१९ मध्ये यावरून जगभर भांडणं झाली. डावीकडून गेलात तर १६. २ आणि कंस यांच्यामध्ये चिन्ह नाही म्हणून ती जोडी आधी धरलीत तर १. बीजगणितात १ ÷ २क लिहिलं की बहुतेक जण २क एकत्रच वाचतात, त्यामुळे दुसरी बाजूही अगदीच वेडी नाही. कॅसिओचा क्लासविझ हा सायंटिफिक कॅल्क्युलेटर तर अशा ठिकाणी स्वतःच कंस घालून दाखवतो. मी परीक्षेत असा प्रश्न काढला असता तर मुख्याध्यापकांनी मलाच उभं केलं असतं. प्रश्न नीट लिहिलेला नाही, एवढंच.

नळकोंडाळं:
ते भांडण तुम्ही मिटवा. मला रोज दहा प्रकारचा माल एका बिलात धरावा लागतो, दरवेळी कागदावर मांडत बसू काय?

रात्रपाळी:
काका, एम+ बटण कशाला आहे? ते आकडा मेमरीत जमा करतं, एमआरसी जमा झालेली बेरीज दाखवतं. ४५० एम+, मग १२ × ८५ एम+, शेवटी एमआरसी. १,४७० येतील. नवीन बिल सुरू करताना आधीची मेमरी पुसा, नाहीतर मागच्याचा नळ पुढच्याच्या माथी.

नळकोंडाळं:
आले १,४७०. शेजारी 'जीटी' लिहिलेलं बटण आहे, ते कशाला?

रात्रपाळी:
प्रत्येक = नंतरचं उत्तर ते बाजूला साठवतं. १२ × ८५ =, ६ × १४० =, मग जीटी: १,८६०. माल जास्त असेल तर हेच सोपं. पोराला दाखवा.

नळकोंडाळं:
त्यानेच शोधून दाखवलं ते बटण. आता म्हणतो, डबा राहू द्या.