मदत हवी आहे: सिकलसेलमुळे खराब होणाऱ्या खुब्यावर संशोधन, सरकारी निधी कोणत्या दारात मागावा?

नमस्कार मंडळी. नागपुरात एका खाजगी मेडिकल कॉलेजात अस्थिरोग विभागात शिकवतो. सरकारी निधीसाठी प्रस्ताव लिहायला बसलोय आणि पहिल्याच रकान्यात अडकलोय. विषय काय लिहू? हाडं, रक्त की आदिवासी आरोग्य?

पूर्व विदर्भात सिकलसेल किती आहे ते इथल्यांना सांगायला नको. या आनुवंशिक आजारात विळ्यासारख्या वाकलेल्या लाल रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि तो गोळा हळूहळू मरून खचतो. एव्हीएन म्हणतात त्याला. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्येच कळतं. तोवर पोरगं 'वात आहे' म्हणून दुखण्याच्या गोळ्या खात फिरतं. परवा गडचिरोलीकडचा एक विशीतला मुलगा ओपीडीत आला. टेबलावर चढला आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला, जणू दुसऱ्याचाच आहे. मांडी घालून जेवणं कधीचंच सुटलंय. पाय आत वळवून पाहिला तर वळेचना. या वयात कृत्रिम सांधा बसवायचा तर तो पुरणार किती वर्षं? त्यात सिकलसेलवाल्याला भूल देताना जोखीम वेगळीच.

मला करायचंय ते साधं आहे. सिकलसेलचं निदान आधीच झालेल्या १५ ते ३० वयाच्या रुग्णांचे दोन्ही खुबे, दुखत असोत-नसोत, एमआरआयने पाहायचे आणि दोन वर्षं मागावर राहायचं. खर्च मुख्यतः एमआरआयचा. शिवाय एक फील्ड वर्कर आणि रुग्णांचं एसटी भाडं.

आमच्या मेडिसिनवाल्या सरांचं म्हणणं, रक्तविकारात टाक. आमचे एचओडी म्हणतात, मग आपण कशाला? एका छोट्या निधीसाठी मागे अर्ज केला होता, त्यावर शेरा आला: 'अस्थिरोग की रक्तविकार, स्पष्ट करावे.' बाप्पा, रोगालाच विचारा!

अमेरिकेत १९८६पासून संधिवात, हाडं-स्नायू आणि त्वचारोगांसाठी एनआयएचमध्ये (तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन यंत्रणेत) वेगळी संस्था आहे, नायम्स. वर्षाला ६० कोटी डॉलरच्या वर बजेट. तिथेही सिकलसेल मुख्यतः हृदय-फुफ्फुस-रक्तवाल्या संस्थेकडेच जातं म्हणा, पण निदान हाडांचं म्हणून एक दार तरी आहे. आपल्याकडे १ जुलै २०२३ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. उत्तमच. पण तपासणीत सापडलेल्या पोराच्या खुब्याचं पुढे काय, हा प्रश्न कोणाच्या खात्यात येतो? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) स्मॉल ग्रँटला टाकू, डीएचआरला (केंद्राचा आरोग्य संशोधन विभाग), की एएनआरएफला (अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान)? ज्यांनी मिळवलाय त्यांनी कृपया सांगा.

— खुबेकरी

—

प्रतिसाद: संत्राबर्फी

सर, एएनआरएफ सध्या बाजूला ठेवा, तिथे विज्ञान-अभियांत्रिकीचा भार जास्त. आयसीएमआरच बरं. विषय रक्तविकार टाका, पण पीआय (मुख्य संशोधक) तुम्हीच राहा आणि मेडिसिनवाल्या सरांना को-पीआय (सह-संशोधक) करा. एचओडी रुसतील, रुसू द्या. जमलं तर चंद्रपूरच्या आयसीएमआर केंद्राशीही बोला. ते हिमोग्लोबिनच्या विकारांवरच काम करतं, मग रक्त-हाड हा वाद तिथेच मिटतो.

आधी एक बघा: तुमचं कॉलेज खाजगी आहे, तर संस्थेला निधी घ्यायची पात्रता आहे का? सायरोची (संशोधन संस्था म्हणून केंद्राची) मान्यता वगैरे ऑफिसात विचारा. आमच्याकडे प्रस्ताव झकास होता, ऐनवेळी हा कागदच निघेना. एथिक्स कमिटीची मंजुरीही लवकर मागा, दुखत नसलेल्यांचा एमआरआय करताय म्हणजे प्रश्न येणारच. आणि यूसी (निधी खर्चल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र) वेळेवर पाठवा राजेहो, नाहीतर दुसरा हप्ता अडकतो आणि फील्ड वर्करचा पगार तुमच्या खिशातून.

खुबेकरी: आभार जी. चंद्रपूरचं डोक्यातच नव्हतं. एथिक्सबद्दल अजून एक: लक्षणं नसलेल्या रुग्णात एव्हीएन सापडलं, तर पुढच्या उपचाराचा खर्च प्रस्तावात दाखवायचा की नाही? कमिटी हमखास विचारेल. बजेटमध्ये धरलं तर आकडा फुगतो.

संत्राबर्फी: उपचार धरू नका. कोणत्या ओपीडीत पाठवणार, कोण बघणार ते नाव-गावासकट लिहा, आणि जन-आरोग्य योजनेत काय बसतं ते आधी विचारून घ्या. संमतीपत्रातही तेच, मराठीत. गोंडी बोलणारे रुग्ण असतील तर समजावून सांगणारा माणूस बजेटमध्ये मात्र धरा.