सायबर विमा ‘वाचून घ्या’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

सांगलीकर
कालच्या पोस्टमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, ‘इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०२१ मध्येच सायबर विम्याच्या (ऑनलाइन फसवणुकीच्या विम्याच्या) पॉलिसीचा नमुना मसुदा दिलाय. लोक वाचत नाहीत, त्याचं खापर सरकारवर का?’ रात्रभर डोक्यातून जात नाहीये.

माझे वडील निवृत्त शिक्षक. ‘लाईट बिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडणार’ असा मेसेज आला, मागोमाग फोन. सांगितलेलं ॲप त्यांनी टाकलं आणि वीस मिनिटांत १ लाख ३८ हजार गेले. पॉलिसी मीच काढून दिली होती. पहिल्या पानावर ‘पैशांची चोरी’ असं ठळक लिहिलेलं, म्हणून निर्धास्त होतो. क्लेम नाकारला. का, तर ॲक्सेस तुम्हीच दिलात, व्यवहार अनधिकृत नाही.

ग्राहकाची आणि बँकेची, दोघांचीही चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकच पैसे परत करते. मग विमा लागतो कधी? माणूस फसतो तेव्हा. नेमकं तेच वगळायचं, आणि तेही सतराव्या पानावर?

विमासल्लागार ठाणे
वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, पण राग चुकीच्या जागी काढताय. इर्डाच्या मसुद्यात चोरी, फिशिंग (खोट्या मेसेज-लिंकने फसवणं), ओळखचोरी, खंडणी हे सगळं वेगवेगळं मांडलंय ते याचसाठी. तुमच्या पॉलिसीत फिशिंगचं कलम आहे का, बघितलंत? बावीस वर्षं हे काम करतोय. प्रपोजल फॉर्मवर सही करताना लोक फक्त हप्ता विचारतात. आणि ओटीपी वाटत सुटलेल्या प्रत्येकाला कंपनीने पैसे द्यायचे म्हटलं, तर तो हप्ता कुणाला परवडेल?

नाशिकची वृषाली
‘ओटीपी वाटत सुटलेल्या’ ही भाषा आधी बंद करा. कुणी वाटत नाही, घाबरवून काढून घेतात. आणि त्या मसुद्याचं कौतुक मला सांगू नका. तो सुचवणाऱ्या इर्डाच्या समितीनेच म्हटलं होतं की ५ हजारांपर्यंतच्या क्लेमला एफआयआरचा आग्रह नको, सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरची तक्रार पुरे. ५ हजारांसाठी कोण क्लेम करतं? माझ्या सासूबाईंचे ६२ हजार गेले. अर्ध्या तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, पोचही मिळाली. कंपनी म्हणते एफआयआर आणा. पोलिस ठाणं म्हणतं सायबरला जा. सायबरवाले म्हणतात रक्कम लहान आहे, ठाण्यातच जा. चार चकरा झाल्या. गुडघे धरलेली बाई, तासन्‌तास त्या बाकावर.

निवृत्त पीआय
ताई, पोलिसांना नावं ठेवणं सोपं आहे. आयटी ॲक्टच्या कलम ७८ प्रमाणे हा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करताच येत नाही. एका ठाण्यात निरीक्षक किती, मोजा. खून, बंदोबस्त, गणपती, सगळं त्यांच्याच डोक्यावर. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ ने तक्रार ऑनलाइन देता येते, हद्द कुठलीही असो. तीन दिवसांत येऊन सही करायची. ते केलंत का?

नाशिकची वृषाली
सही करायला आम्ही तिथेच उभे होतो, साहेब! चार वेळा! कायदा मला नाही, तुमच्या ठाणे अंमलदाराला शिकवा. मे २०२५ मध्ये १९३० च्या तक्रारीवरून आपोआप झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवायचा एफआयआर) करायची सोय सुरू केली, तीही दिल्लीत आणि १० लाखांच्या वर. आमचे ६२ हजार म्हणजे त्यांची अख्खी भिशी होती.

निवृत्त पीआय
अंमलदाराचं चुकलं. दखलपात्र गुन्हा नोंदवायला नाही म्हणता येत नाही, ललिता कुमारी खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१३ पासून आहे. एवढं मानतो. पण १९३० ची पोच क्लेमला का चालत नाही, याचं उत्तर कंपनीने द्यायचं, ठाण्याने नाही.

देवगड ते डोंबिवली
एफआयआरवरून भांडताय, पण मूळ कागद कळतो कुणाला? आरोग्यविम्याचं माहितीपत्रक मागितलं तर स्थानिक भाषेत द्यायचं, हा नियम १ जानेवारी २०२४ पासून आहे. सायबरचं मी मराठीत मागितलं, तर फोनवरचा मुलगा हिंदीत म्हणाला, आमचं ॲप डाउनलोड करा. घरी आईला आम्ही बजावतो, फोनवर कुणी सांगितलं म्हणून ॲप टाकू नकोस!

सांगलीकर
विमासल्लागार, पॉलिसी पुन्हा काढली. फिशिंगचं कलम आहे. तुमचं बरोबर. पण त्याची मर्यादा २५ हजार, आणि तो आकडा पहिल्या पानावर नाही. क्लेम फॉर्मवर मी ‘चोरी’पुढे खूण केली, म्हणून फिशिंगखाली कुणी बघितलंच नाही. २०२० मध्ये इर्डाने आरोग्य संजीवनी ही आरोग्यविम्याची पॉलिसी आणली तेव्हा सगळ्या कंपन्यांना एकच मजकूर सक्तीचा केला. सायबरचा मसुदा मात्र नुसता मार्गदर्शक. ‘तुम्ही फसून स्वतः पैसे पाठवलेत तर किती मिळतील?’ याचं उत्तर एका ओळीत, पहिल्या पानावर, प्रत्येक कंपनीने द्यावं. माझं मागणं एवढंच आहे.

विमासल्लागार ठाणे
सक्तीचा मजकूर मला अजून पटलेला नाही, जोखीम सगळ्यांची सारखी नसते. पण मर्यादेचा आकडा पहिल्या पानावर हवा, हे खरं. नकाराचं पत्र जपून ठेवलंय ना? कंपनीकडे लेखी तक्रार करा, दोन्ही कलमं नावानिशी लिहा. महिनाभरात दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही.

सांगलीकर
करतो. बाबाच नको म्हणतायत. म्हणाले, मी कसा फसलो ते पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल.