अनुभव धागा : वर्षाचा गहू आणि फाल्गुनातलं ऊन

पागेवाली
काल इंदूरच्या घरी वर्षाचा गहू भरला. सांवेरकडून टेम्पो आला, चार पोती. एक पोतं सोडून मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि एकदम 2022 आठवलं.

आमच्या वडिलांची तिकडे थोडी जमीन आहे, बटाईने दिलेली. करणाऱ्यांना आम्ही सगळे दासाब म्हणतो. त्या वर्षी पोतं उघडायच्या आधीच ते म्हणाले, "अबके दाणो पतलो रई ग्यो." लोकवनच होता, पण दाणा चिमटलेला, पोट आत गेलेलं. ज्या डब्यात दरवर्षी वीस किलो बसतो त्यात अठरासुद्धा बसेना. आई म्हणे, काट्यात खोट असेल. काटा बरोबर होता, दाणाच हलका होता.

मी शहरी शहाणपणाने विचारलं, दासाब, मे महिन्यात 43-44 डिग्री होतं तेव्हा काही होत नाही, मग मार्चच्या 38 चं काय एवढं? ते हसले. वैशाखात शेत रिकामं असतं, तेव्हा तापली तर जमीन तापते. फाल्गुनात ओंबीत दूध असतं, ते सुकतं. एवढंच बोलले आणि चहा प्यायले.

त्या वर्षी गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, टँकरचं पाणी अंगावर पडलं तेव्हा आम्ही खूश होऊन नाचत होतो. शेतकरी त्याच उन्हाकडे बघून काय म्हणत असतील ते डोक्यातही आलं नव्हतं.

शेती असलेले, नसलेले, नुसते पोळ्या खाणारे, सगळ्यांनी लिहा.

बाफला_दोन_वाटी_तूप
पयला नंबर. वाचतो नंतर, दुकानात गिऱ्हाईक आहे.

देपालपूरचा धाकटा
दासाब शंभर टक्के बरोबर. मार्च 2022 हा देशात 1901 पासूनच्या नोंदींतला सगळ्यात गरम मार्च होता. आम्हाला ते नंतर पेपरात कळलं, शेतात आधी दिसलं. गहू आठ-दहा दिवस आधीच पिवळा पडला. लोक म्हणाले वा, लवकर पिकला. अरे पिकला कुठे, भाजला! दाणा भरायला जेवढे दिवस हवेत तेवढे मिळालेच नाहीत. बिघ्याला दोन-अडीच क्विंटलचा फटका बसला मला.

आता मी काय करतो: पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापुढे जाऊ देत नाही. सोयाबीन उशिरा निघालं की तिथेच सगळं बिघडतं. आणि मार्चमध्ये ऊन वाढलं की संध्याकाळी एक हलकं पाणी. पण वारा सुटला असेल तर मोटर चालू करायची नाही, ओल्या मातीत उभा गहू आडवा पडतो. एका वर्षी असा पडला की हार्वेस्टरवाला बघून परत गेला. वीज येते तेव्हा वारा असतो, वारा पडतो तेव्हा वीज नसते. बाकी सगळं छान चाललंय 😄

शुभांगीची_आई
@पागेवाली डब्यात भरताना एरंडेल लावता की कडुनिंब? आमच्याकडे मागल्या वर्षी जूनमध्येच पोरकिडे झाले.

पागेवाली
एरंडेल. आधी दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवायचं, पूर्ण थंड झाल्यावर भरायचा. गरम भरला तर आत दमट होतो.

महूची मंजू
एरंडेलवाल्या गव्हाचं पीठ मला चिकट वाटतं. सासूबाईंना नाही वाटत. विषय संपला.

छावणीतला
शेतकऱ्याची दुसरी बाजू लिहितो. त्या वर्षी पीक कमी, पण रशिया-युक्रेन युद्धामुळे बाहेर मागणी, त्यामुळे भाव चढला. हमीभाव क्विंटलला 2015 रुपये आणि मंडीत त्याच्या वर बोली. आमच्या काकांनी निम्मा माल घरात ठेवला, 2500 होईल म्हणून. 13 मेला गव्हावर निर्यातबंदी आली. शुक्रवार रात्र होती. पुढचे काही दिवस मंडीत कोणी धड बोलीच लावेना. काका ट्रॉली घेऊन गेले आणि ट्रॉली घेऊन परत आले. ऊन आमचं, नुकसान आमचं, आणि भाव चढला की दरवाजा बंद. देशात धान्य पुरलं पाहिजे हे मलाही कळतं हो, पण दर वेळी त्याची किंमत त्याच माणसाने का मोजायची?

रेवाकाठ
@छावणीतला पटतंय, पण पलीकडचंही ऐका. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताई. त्या वर्षी रेशनवर गहू कमी आणि तांदूळ जास्त मिळायला लागला. त्यांच्या घरी दोन्ही वेळा पोळीच लागते, नवरा हमाली करतो, भाताने त्याचं पोट भरत नाही. त्या तांदूळ विकून किराण्यातून आटा घ्यायच्या, महाग. दिवसभर दुसऱ्यांच्या पोळ्या लाटून. मी त्यांना आमच्यातला दहा किलो दिला तर म्हणाल्या, बाई, हा तर बारीक आहे, पण चालेल. मला आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली.

बाफला_दोन_वाटी_तूप
आलो. बाफल्यांसाठी (उकडून भाजलेल्या बाट्या) काठिया, म्हणजे कडक दाण्याचा ड्युरम गहूच पायजे भिया, रवाळ दळून. आणि ऐका, आपल्या इथल्या गहू संशोधन केंद्रानेच पोषण, पूसा तेजस हे काठिया वाण काढलेत. काठियाला पाणीही कमी लागतं. माझा मामा लावून राहिला चार वर्षांपासून.

देपालपूरचा धाकटा
काठिया लावला मीही. पण घरी पोळीला बायको नाही म्हणते, कडक होते. विकायचा वेगळा आणि खायचा वेगळा, असं चालू आहे.

वडोदऱ्याची नणंद
इंदूरची माहेरवाशीण, सध्या कारेलीबाग. इकडे भालिया गहू मिळतो, भाल प्रदेशातला, जमिनीतल्या ओलीवरच येतो, वरून पाणी देत नाहीत. रंगाने मस्त, लाडूला झकास. बाकी उन्हाबद्दल बोलायचं तर तुम्ही इंदूरवाले नशीबवान. निदान रात्र तरी गार.

पागेवाली
वन्सं, कधी आला होतात शेवटच्या? शब-ए-मालवा, माळव्यातली ती गार रात्र, आता पाहुण्यांना सांगण्यापुरती उरलीय. एप्रिलमध्ये रात्री अकरालाही गच्चीची फरशी चटके देते. बाबा अजून "डग डग रोटी, पग पग नीर" म्हणतात आणि लगेच विचारतात, टँकरवाल्याला फोन केलास का?

वडोदऱ्याची नणंद
दिवाळीत आले होते 🙈

मानपूर_घाट
घाईत लिहितोय. गव्हाचं ठीक, पण माणसांचं कोणी बोललंच नाही. लसूण काढायला बाया पहाटे पाचला येतात, दहाला उठतात, पुढे उभं राहवत नाही. आधी पूर्ण दिवसाची मजुरी होती, आता अर्ध्या दिवसाचं काम. त्यांनाही कमी, आम्हालाही महाग. मागल्या वर्षी एक काकू बांधावरच बसल्या आणि बोलेनात. ओलं फडकं घातलं, कांदा हुंगवला, खाटेवर घालून गाडीपर्यंत नेलं. वाचल्या. चौथ्या दिवशी परत कामावर. मी म्हटलं घरी बसा, तर म्हणाल्या, घरात पत्रे आहेत, शेतात निदान कडुलिंबाची सावली आहे.

महूची मंजू
बाप रे. पत्र्याचं खरंय.

शुभांगीची_आई
काकूंना कैरीची झोलिया (पन्हं) देत जा रोज, मीठ-गूळ घालून. आमच्या आजीचं औषध.

मानपूर_घाट
देतो. आता मटकाच ठेवलाय बांधावर. गूळ जास्त घाल म्हणतात, कैरी कमी.

छावणीतला
@पागेवाली यंदाचा दाणा कसा निघाला ते लिहिलंच नाही तुम्ही.

पागेवाली
हो की! बरा आहे. डब्यात साडेएकोणीस बसला. दासाब म्हणाले, फेब्रुवारीच्या शेवटी चार दिवस ढग होते, म्हणून वाचला.

शुभांगीची_आई
साडेएकोणीस किलोला एरंडेल किती चमचे?